विश्लेषण : कोड लिहिणे स्वस्त झाले; मग सॉफ्टवेअरचे मोल ठरते कशावर?

चार ओळींची सूचना दिली की काही मिनिटांत चालणारा कोड हातात ठेवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआय) साधने सॉफ्टवेअर कंपन्यांच्या रोजच्या वापरात आली आहेत. ‘किती माणसे लावली, किती तास लागले’ या हिशेबावर मोठा झालेला हा उद्योग त्यामुळे एका जुन्या प्रश्नापाशी येऊन थांबला आहे. ग्राहक पैसे मोजतो ते कोडचे, की त्या कोडने मार्गी लागणाऱ्या कामाचे? सॉफ्टवेअरमधून व्यवसायाला आणि वापरणाऱ्याला खरा लाभ केव्हा मिळतो, आणि कोट्यवधी खर्चूनही तो का मिळत नाही, याचा आढावा.

हा प्रश्न आताच का?

‘नॅसकॉम’च्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये भारतीय तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर होती आणि त्यात सुमारे ५८ लाख लोक काम करत होते. पुण्यातील हिंजवडी आणि खराडी किंवा नवी मुंबईतील ऐरोली येथील कार्यालये याच उद्योगाचा भाग. यातील मोठा हिस्सा परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर बनवून देण्याचा व सांभाळण्याचा. त्याचे बिल बरेचदा तासांवर किंवा माणसांच्या संख्येवर निघते. ‘बिलिंग’वर असणे आणि ‘बेंच’वर असणे हे शब्द आयटीतील प्रत्येक घराला ठाऊक असतात ते म्हणूनच.

आता तेच काम कमी तासांत होत असेल तर तासांचे बिलही कमी होणार. ‘टीसीएस’ने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याचे कारण एआय नसून कौशल्ये आणि कामे यांतील तफावत हे आहे, असे कंपनीने सांगितले. तरीही कपातीचा भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता, त्यामुळे अनुभवाची किंमत पुढे कशी ठरणार ही चिंता उद्योगभर पसरली. तासांचा भाव उतरला तर विकायला उरतो तो परिणाम. पण परिणाम मोजायचा कसा, याची सवय या उद्योगाला फारशी नाही.

‘काम पूर्ण झाले’ आणि ‘काम झाले’ यात फरक काय?

व्यवस्थापनाच्या भाषेत याला ‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ म्हणतात. बँकेने ॲपमध्ये तक्रार नोंदवण्याचे नवे पान दिले, हे आउटपुट. ग्राहकाची तक्रार शाखेत न जाता सुटली, हे आउटकम. पहिली गोष्ट कंपनीच्या हातात असते, तिला तारीख देता येते, तिचे बिल लावता येते. दुसरी गोष्ट वापरणाऱ्यावर, कर्मचाऱ्यांच्या सवयीवर, कायद्यावर, नेटवर्कवरही अवलंबून असते. म्हणून करारात पहिली लिहिली जाते आणि दुसरी गृहीत धरली जाते.

अडचण इथेच सुरू होते. ठरलेली सगळी पाने वेळेत तयार झाली, चाचणीचे सगळे रकाने हिरवे झाले, बिलही चुकते झाले, तरी रांग तशीच राहू शकते. प्रकल्प कागदावर यशस्वी आणि खिडकीपाशी अयशस्वी ठरतो.

अमेरिकेच्या संकेतस्थळाचे काय झाले होते?

याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिकी सरकारचे आरोग्य विम्याचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ. बराक ओबामा यांच्या आरोग्य विमा कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०१३ रोजी ते सुरू झाले. पहिल्या दिवशी लाखो लोक आले. नोंदणी पूर्ण करू शकले अवघे सहा जण.

काम ५०हून अधिक कंत्राटदारांत विभागले होते. प्रत्येकाचा तुकडा वेगळा तपासला गेला. पण नागरिक पहिल्या पानापासून विमा घेईपर्यंत जातो तो पूर्ण प्रवास तपासायला सुरुवात झाली ती उद्घाटनाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, असे कंत्राटदारांनीच अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितले. त्यात आणखी एक निर्णय अंगाशी आला. विमा योजनांचे दर नुसते पाहायचे तरी आधी खाते उघडण्याची सक्ती होती. त्यामुळे सगळी गर्दी एकाच दारात कोंडली.

दुरुस्तीसाठी बाहेरून अभियंत्यांचे छोटे पथक आले. संकेतस्थळ या क्षणी चालते आहे की नाही, हे दाखवणारा साधा फलकही तिथे नव्हता. पथकाने आधी तो उभारला, मग रोज सर्वात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा दुरुस्त करायला घेतली. ऑक्टोबरअखेरीस पान उघडायला सरासरी आठ सेकंद लागत, ते डिसेंबरच्या सुरुवातीला एका सेकंदाच्या आत आले. चुकांचे प्रमाण सहा टक्क्यांवरून एक टक्क्याखाली उतरले. पथकाने नव्या सुविधांच्या मागे न लागता नागरिक कुठे अडतो हे मोजायला सुरुवात केली, आणि चित्र पालटले ते त्यामुळे. या अनुभवातूनच ऑगस्ट २०१४ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स डिजिटल सर्व्हिस’ ही सरकारी तंत्रज्ञांची तुकडी स्थापन झाली.

भारतात असा अनुभव आहे का?

७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर विभागाचे नवे ई-फायलिंग पोर्टल सुरू झाले. काम ‘इन्फोसिस’कडे होते. विवरणपत्रांच्या छाननीचा वेळ ६३ दिवसांवरून एका दिवसावर आणायचा, हे प्रकल्पाचे घोषित उद्दिष्ट. उद्दिष्ट परिणामाच्या भाषेत लिहिलेले होते, हे महत्त्वाचे. मात्र सुरुवातीच्या महिन्यांत करदाते आणि सनदी लेखापाल लॉगिन, ओटीपी, जुनी विवरणपत्रे अशा साध्या पायऱ्यांवरच अडत राहिले. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ऑगस्टमध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला आणि विवरणपत्रांची मुदत वाढवावी लागली.

पुढे पोर्टल सावरले. ३१ जुलै २०२४ या एका दिवसात सुमारे ७० लाख विवरणपत्रे दाखल झाली; त्या मुदतीपर्यंतची एकूण संख्या ७ कोटी २८ लाखांवर गेली. म्हणजे लाभ मिळाला, पण उद्घाटनाच्या तारखेला नव्हे. पोर्टल सुरू झाल्याची तारीख आणि ते उपयोगी पडू लागल्याची तारीख यांत अंतर राहिले. त्या अंतराची किंमत करदात्यांनी वेळ देऊन आणि सनदी लेखापालांनी रात्री जागून चुकती केली. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

खर्च वाचवण्याचा हिशेब उलटतो कसा?

कॅनडा सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ ही पगाराची नवी प्रणाली सुरू केली. सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांचे पगार एकाच ठिकाणाहून काढायचे आणि वर्षाला सात कोटी कॅनेडियन डॉलर वाचवायचे, हा हेतू. प्रत्यक्षात हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा काहीच पगार मिळेना.

त्या देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये याला ‘आकलनापलीकडचे अपयश’ म्हटले. तारीख आणि खर्च यांत बसवण्यासाठी आवश्यक कामे वगळली गेली, एका खात्यात करून पाहायची चाचणी रद्द झाली, आणि नवी प्रणाली रुळण्याआधीच जुने अनुभवी पगार-कर्मचारी कमी करण्यात आले, असे त्यांच्या अहवालांतून पुढे आले. कोणाच्या भत्त्याचा नियम कुठे वेगळा लागतो, हे ज्ञान त्या माणसांच्या डोक्यात होते. बचतीचा आकडा गाठण्यासाठी तेच ज्ञान आधी घराबाहेर गेले. एआयच्या भरवशावर जुनी माणसे कमी करणाऱ्या कंपन्यांसाठी हा धडा आजही ताजा आहे.

‘अजाइल’ पद्धतीने हे सुटले नाही का?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ‘अजाइल’ जाहीरनामा लिहिला. ग्राहकाला उपयोगी सॉफ्टवेअर लवकर आणि सातत्याने देणे हे त्यातील पहिले तत्त्व. वर्षभर दडवून शेवटी एकदम दाखवण्याऐवजी दर दोन-चार आठवड्यांनी थोडे द्यावे, वापरणाऱ्याचे ऐकावे, दिशा बदलावी, अशी ही रीत.

नीट वापरली तर ती चालते. अमेरिकेच्या ‘एफबीआय’ची ‘सेंटिनेल’ ही तपासाच्या कागदपत्रांची प्रणाली २०१० मध्ये अडकली होती. सुमारे ४५ कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकातील बहुतांश रक्कम संपली होती आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. संस्थेने काम स्वतःकडे घेतले, माणसे कमी केली, दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत ते विभागले. जुलै २०१२ मध्ये प्रणाली वापरात आली.

पण अनेक कंपन्यांत अजाइलचे नुसते कर्मकांड उरले. रोजची उभ्याने बैठक होते, ‘स्टोरी पॉइंट’ मोजले जातात, ‘व्हेलॉसिटी’चा आलेख चढता दिसतो. त्या आलेखात वापरणारा कुठेच नसतो. वेग वाढला, याचा अर्थ योग्य दिशेने वाढला असा होत नाही.

जाणकारांचे अंदाजही का चुकतात?

कोणती सुविधा ग्राहकाला आवडेल हे अनुभवी माणसाला कळत असेल, असे वाटते. ‘मायक्रोसॉफ्ट’मध्ये ऑनलाइन प्रयोगांचे काम पाहिलेले रॉनी कोहावी यांनी वेगळेच चित्र मांडले. तिथे तपासलेल्या कल्पनांपैकी सुमारे एकतृतीयांश कल्पनांनीच अपेक्षित सुधारणा केली. उरलेल्यांपैकी काहींचा परिणाम शून्य, तर काहींनी नुकसानच केले.

उलट बाजूही बोलकी आहे. २०१२ मध्ये ‘बिंग’च्या एका कर्मचाऱ्याने जाहिरातींचे मथळे दाखवण्याच्या पद्धतीत छोटा बदल सुचवला. व्यवस्थापकांना तो क्षुल्लक वाटला आणि सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिला. शेवटी एका अभियंत्याने तो थोड्या वापरकर्त्यांवर करून पाहिला, तर उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढले. एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक. काही दिवसांचे काम आणि एवढा लाभ. म्हणजे लागलेली मेहनत आणि मिळालेला लाभ यांचे प्रमाण जुळेलच असे नाही. तासांवर बिल लावण्याच्या पद्धतीचा पायाच इथे डळमळतो.

कंपनीचा फायदा म्हणजेच ग्राहकाचा फायदा का?

नाही, आणि इथेच सर्वात मोठी फसगत होते. ‘ॲमेझॉन’ने सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. लोकांना नकळत ‘प्राइम’ सदस्य करून घेतले आणि सदस्यत्व रद्द करण्याची वाट मुद्दाम किचकट ठेवली, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने चूक मान्य केली नाही. सदस्यसंख्या हाच मापदंड ठेवला तर अशी किचकट वाट ‘यशस्वी’ सुविधा ठरते. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांना, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’ना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात घालणे हा त्यातलाच प्रकार.

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘एनपीसीआय’च्या यूपीआयचे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीवर त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सुमारे २० लाख व्यवहार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पाठ करण्याची गरज संपली, सुट्ट्या पैशांचा वाद मिटला. भाजीवाल्याला गिऱ्हाइकाचा मोबाइल तपासावा लागू नये म्हणून रक्कम मोठ्याने सांगणारा ‘साउंडबॉक्स’ आला. विक्रेत्याचा हात आणि डोळे कामात असतात, कान मोकळे असतात, हे कोणीतरी पाहिले होते.

यूपीआयने एक सुविधा काढूनही टाकली. व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ भामटे वापरू लागले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद झाली. कोड कमी झाला, लाभ वाढला. मात्र इथेही हिशेब पूर्ण नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्यांना शुल्क नाही, त्यामुळे बँका आणि ॲप कंपन्या खर्च कुठून भरून काढणार हा प्रश्न कायम आहे. छोट्या व्यवहारांसाठी केंद्राने २०२४-२५ करिता १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ग्राहकाला लाभ भरपूर, पण पुरवणाऱ्याचा ताळेबंद जुळत नसेल तर प्रणाली टिकवणे अवघड जाते. दोन्ही बाजू सांभाळणारे सॉफ्टवेअरच दीर्घकाळ चालते.

एआयमुळे हे आपोआप सुधारेल का?

कोड लिहिण्याचा वेळ कमी झाला की लाभ वाढेल, हे गृहीतक अजून सिद्ध झालेले नाही. ‘मीटर’ या अमेरिकी संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रॅमर्सनी त्यांच्या ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. एआय साधने वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. स्वतः प्रोग्रॅमर्सना मात्र आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केले असे वाटत होते. प्रयोग छोटा होता आणि साधने त्यानंतर बदलली आहेत. तरी वाटणे आणि मोजणे यांतील अंतर त्यातून स्पष्ट दिसते.

‘गूगल’च्या ‘डोरा’ पथकाच्या २०२४ च्या अहवालातही असाच सूर होता. एआयचा वापर वाढला तिथे वैयक्तिक उत्पादकता वाढल्याचे लोकांनी सांगितले, पण नवी आवृत्ती ग्राहकापर्यंत नेण्याच्या कामातील स्थैर्य घटलेले आढळले. कारण समजण्यासारखे आहे. कोड लिहिणे हा कामाचा एक तुकडा. काय बनवायचे हे ठरवणे, जुन्या प्रणालीशी जुळवणे, तपासणे, बिघडले तर सावरणे हे तुकडे तसेच राहतात. नळाची धार वाढवली आणि गाळणी तीच ठेवली, तर पाणी बाहेर सांडते. निरुपयोगी सुविधा आता दुप्पट वेगाने बनवता येतील, हाही या स्वस्ताईचा अर्थ आहे.

पुण्या-मुंबईच्या आयटीसाठी याचा अर्थ काय?

परिणामावर आधारित करारांची चर्चा वाढते आहे. दावा निकाली काढायला लागणारे दिवस, कॉल सेंटरला येणारे फोन, चुकलेल्या बिलांची संख्या अशा गोष्टींवर मोबदला ठरवायचा. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण पुरवठादाराच्या हातात नसलेल्या गोष्टींचा धोकाही त्याच्यावर येतो. आकडा चुकीचा निवडला तर तो गाठण्यासाठी पळवाटाही निघतात. फोन कमी करायचे तर मदत क्रमांक पानाच्या तळाशी लपवणे हा सोपा मार्ग असतो.

नोकरीच्या दृष्टीने बदल अधिक खोल आहे. दिलेल्या तपशिलाप्रमाणे कोड लिहून देणे, हे कौशल्य स्वस्त होत आहे. विमा कंपनीत दावा का अडतो, गोदामातल्या माणसाला कोणते बटण सापडत नाही, पगाराच्या नियमाला कुठे अपवाद आहे, हे जाणणाऱ्याची गरज मात्र टिकून आहे. हे ज्ञान अनेकदा मधल्या फळीतील माणसांकडे असते, आणि कपातीची कुऱ्हाड आधी त्याच फळीवर पडते आहे. खर्च कमी करताना आपण नेमके काय गमावतो आहोत, हे कंपन्यांना कॅनडाच्या आधी कळले तर बरे.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने काय विचारावे?

जिल्हा बँक असो, महापालिका असो वा साखर कारखाना, निविदेत सुविधांची यादी लांबलचक असते. त्याआधी पाच प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे. हे सॉफ्टवेअर आल्यावर कोणाचे कोणते काम सोपे होणार? आज त्या कामाला किती वेळ, किती फेऱ्या लागतात, याची नोंद आहे का? पहिला छोटा भाग खऱ्या वापरकर्त्यांच्या हाती किती आठवड्यांत पडेल? उपयोग होत नाही असे दिसले तर थांबण्याची किंवा दिशा बदलण्याची सोय करारात आहे का? आणि सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांनी हीच मोजणी पुन्हा कोण करणार?

शेवटचा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो, कारण तोवर उद्घाटन झालेले असते आणि अंतिम देयकही निघालेले असते. पण दाखल्यासाठी आलेला माणूस पहिल्याच फेरीत परत गेला की तिसऱ्या, हे कळते ते त्या मोजणीतूनच.